मी, ‘मुख्य प्रशीक्षकां’चं जॅकेट

मी एक जॅकेट बोलतोय. व्याकरणाच्या हिशेबानं ‘बोलतंय’ म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण उभी हयात एका उंच, तापट, घामट माणसाच्या अंगावर गेली. आता या वयात लिंग कुठं सुधारत बसू? शिवाय माझं आणि शुद्धलेखनाचं जन्मापासूनच वाकडं आहे.

खेळाचे कपडे शिवणाऱ्या एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी निळी जॅकेटं शिवायची होती. मुलींची झाली आणि निळं कापड संपलं. शिंप्यानं कोपऱ्यात पडलेला मरून तागा ओढला, उरलेलं एक जॅकेट त्यातून बेतलं आणि न्यायला आलेल्या शिपाईमामांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की मुख्य माणसाचा रंग वेगळाच असावा लागतो. मामांना ते पटलं. पुढे सगळ्यांनाच पटलं. म्हणजे ज्याला लोक मानाचा रंग समजले, तो मुळात कापड कमी पडल्याचा रंग!

पाठीवर अक्षरं चिकटवणाऱ्यानं तर कहरच केला. ‘मुख्य प्रशीक्षक’ असं, चांगल्या ठसठशीत दुसऱ्या वेलांटीसकट, त्यानं इस्त्रीनं कायमचं डकवून टाकलं. कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या बाई सरांच्या मागून चालताना दर वेळी उसासा टाकायच्या. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, “सर, पहिली हवी.”

“येणार, बाई,” सर म्हणाले. “या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी.”

बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

हे माझे सर. ते प्रशिक्षक कसे झाले, तेही माझ्या रंगासारखंच. सर मुळात लांब पल्ल्याचे धावपटू. कॉलेजात रुजू व्हायला गेले तेव्हा प्राचार्यांनी मान वर करत करत त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की एवढ्या उंचीचा माणूस व्हॉलीबॉलला नाही तर कशाला? झालं. सर मुख्य प्रशिक्षक झाले. मुख्य म्हटलं की हाताखाली कुणीतरी दुय्यम लागतो. इथं सर आणि मामा, एवढाच पसारा. मामा नेट बांधायचे, सर मुलींना ओरडायचे, आणि कधी मामा गैरहजर असले तर सर नेट बांधता बांधता ओरडायचे.

पहिली काही वर्षं हरण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही जवळून हरलो, लांबून हरलो, घरच्या मैदानावर हरलो, पाहुणे म्हणून गेलो आणि यजमानांना खूश करून आलो. सर मात्र शिकत होते. दुसऱ्यांचे सामने बघायला जायचे, रस्त्यानं चालताना हवेत हात उडवून स्मॅश मारायचे. लोक बाजूला व्हायचे. तोवर मी कपाटात घडी होऊन पडलो होतो. मी मरून आहे याची सरांना थोडी लाजच वाटत असावी.

मग एका सामन्याच्या दिवशी हॉलच्या खिडकीची काच फुटलेली होती, गार वारा येत होता, म्हणून सरांनी मला बाहेर काढलं. समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली होती आणि त्या मुली ती ढकलत ढकलत आल्या होत्या. कोर्टवर उतरल्या तेव्हा त्यांचे हात खांद्याच्या वर जाईनात. आम्ही जिंकलो. सरांनी घरी जाऊन विजयाची कारणं शोधली. गाडी त्यांना आठवली नाही, मी आठवलो.

त्या दिवसापासून मी देव झालो. देवाला आंघोळ घालतात, मला तेवढीही नाही. सरांनी फर्मान काढलं, की या जॅकेटाला पाणी लावायचं नाही. वर्षभरात माझा असा काही परिमळ सुटला, की राखीव मुली बाकावर सरांपासून दोन जागा सोडून बसायला लागल्या. सरांना वाटायचं, केवढा आदर करतात पोरी.

सरांची बायको, जिला सगळा संघ काकू म्हणायचा, एका औषधांच्या दुकानात कामाला होती. जंतू हा तिचा रोजचा विषय. एका मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं मला काठीनं उचललं, बादलीत बुडवलं आणि वरून निम्मी बाटली जंतुनाशक ओतलं. सर घरी आले तेव्हा मी दोरीवर निथळत होतो. ते दारातच मटकन खाली बसले.

“अहो, त्या पाण्यात काय काय निघालं ते बघितलं असतंत,” काकू म्हणाली, “तर तुम्हीच हार मानली असतीत.”

दुसऱ्या दिवशी सरांनी मला तसंच ओलं अंगात घातलं. सामना सुरू झाला आणि सर शिंकायला लागले. टाइमआउट घेऊन मुलींना गोलात उभं केलं, “लक्ष द्या” म्हणाले आणि एवढ्या जोरात शिंकले, की मुलींना हसू आवरेना. कोर्टवर परतल्या त्या हसत हसतच. सामन्याचं दडपण असं नाहीच राहिलं. आम्ही सरळ सेटमध्ये जिंकलो.

मला वाटलं, माझं देवपण गेलं एकदाचं. पण सरांनी विचार करून निष्कर्ष काढला, की जॅकेट धुतलं तरच लाभतं. त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या आधी मला बादली ठरलेली. माणसाला श्रद्धा सोडायची नसते, फक्त तिचे नियम बदलून हवे असतात. आणि खरं सांगू? मीही फुगलो होतो. संघ आपणच चालवतो, सर नुसते आतलं अस्तर आहेत, असं मला वाटू लागलं होतं.

हा फुगा फुटला तो चिंगीमुळे.

चिंगी ही सरांची एकुलती एक लेक. तान्ही असताना ती माझ्यात गुंडाळून बाकाखाली झोपायची. डोक्यावरून चेंडू धडाधड आपटत असायचे आणि ही गाढ. चालायला लागली तशी चेंडूमागे धावायला लागली. मोठी होऊन ती त्याच कॉलेजात आली, त्याच मैदानावर उतरली, आणि तिनं जागा मागितली ती लिफ्टरची. लिफ्टर म्हणजे चेंडू अलगद उचलून मारणारीच्या हाताशी देणारी. टाळ्या तिला, काम हिचं.

पण त्याच वर्षी आणखी एक मुलगी आली होती. एवढीशी, काळीसावळी, पायात स्प्रिंग बसवल्यासारखी. सगळ्या तिला मुंगी म्हणायच्या. मुंगी चेंडूखाली कधी पोहोचायची ते दिसायचंच नाही. दिसायची तेव्हा ती तिथं असायची. महिनाभर सर दोघींचा सराव बघत राहिले. त्या महिन्यात माझ्या काखा किती भिजल्या, ते मलाच ठाऊक.

निवडीच्या दिवशी सगळ्या जणी रेषेवर उभ्या होत्या. सरांनी हातात कागद घेतला नाही. एकेकीकडे बघत ते नाव घेत गेले. मुंगीचं नाव आलं. शेवटचं नाव आलं. चिंगीचं आलं नाही. ती गुडघ्यांवर पट्टे चढवूनच आली होती. सर म्हणाले, की बाकीच्यांनी सराव सोडू नये, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा ती खाली वाकून शांतपणे पट्टे काढत होती. माझ्या आत सरांचं काळीज असं काही धडधडत होतं, की माझ्या चेनचा दांडा हलत होता. पण ते चिंगीजवळ गेले नाहीत. तिथं उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींजवळही ते गेले नव्हते ना.

त्या संध्याकाळी जेवताना चिंगी म्हणाली, “सर, मीठ द्या.”

मी खुर्चीच्या पाठीवर लटकलेला होतो. काकूच्या हातातला डाव हवेतच थांबला. सरांनी मीठ दिलं. चिंगीनं “थँक यू, सर” म्हटलं आणि खाली मान घालून जेवली. दुसऱ्या दिवशीही सर, तिसऱ्या दिवशीही सर. सर, तुमचा फोन वाजतोय. सर, बाथरूम रिकामं झालं. शेजारच्या आजींना वाटलं, यांच्याकडे कुणी शिकवणीला मुलगी राहायला आलीय.

काकूनं आठवडाभर हे ऐकून घेतलं. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, की चिंगी खरंच इतकी वाईट खेळते का?

“वाईट नाही खेळत,” सर म्हणाले. “मुंगीपेक्षा हळू आहे.”

“कितीशी हळू?”

सरांनी चुटकी वाजवली. “एवढी.”

“एवढ्याशासाठी पोरीला घरात परकं केलंत?”

“तेवढाच तर खेळ असतो गं,” सर म्हणाले आणि मला अंगात घालून फिरायला निघून गेले. बाहेर कडक ऊन होतं.

बरं, मुंगीला घेऊन आम्ही करंडक आणला असता तर सरांना घरात तोंड दाखवायला जागा तरी उरली असती. तसंही झालं नाही. उपांत्य फेरीत हरलो. मुंगी अप्रतिम खेळली, बाकीच्या झोपल्या. त्या दिवशी मी धुतलेला होतो, इस्त्री केलेला होतो, आणि तरीही हरलो. सरांनी मला काढून बाकावर ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलणार? मी कापड आहे, एवढंच त्या दिवशी मला कळलं. कळायला जरा उशीरच झाला.

चिंगीनं मात्र मैदान सोडलं नाही. एका सराव-सामन्याला मामांचा डोळा आला होता, रेषेवर झेंडा धरायला कुणी नव्हतं. चिंगी आपले बूट न्यायला आली होती. तिनं झेंडा उचलला आणि कोपऱ्यात उभी राहिली. चेंडू आत पडला की झेंडा खाली, बाहेर गेला की वर. तिचा झेंडा एकदाही अडखळला नाही. वडिलांच्या संघाचे चेंडू बाहेर देताना तर तिच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की सर माझ्या खिशात मुठी आवळायचे.

त्यातून तिला गोडी लागली. तिनं नियम पाठ केले, परीक्षा दिल्या, पंच झाली. आधी रेषेवर, मग हळूहळू उंच खुर्चीवर. घरात तर नियमांचा नुसता पाऊस. सर भाजीच्या पातेल्यापर्यंत वाकले, की ती शांतपणे सांगायची, “सर, प्रशिक्षकानं या रेषेच्या पुढे यायचं नसतं.” काकू हसू दाबायला स्वयंपाकघरात जायची.

रुसवे कुणी समजूत घालून जात नाहीत. सर्दीसारखे ते आपोआप उतरतात. एक दिवस बाथरूममध्ये झुरळ निघालं आणि आतून “बाबा” अशी किंकाळी आली. सर चप्पल घेऊन धावले. बाहेर आले ते मोठा करंडक जिंकल्यासारखे. झुरळ मेलं होतं की पळालं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वर्षं गेली. मुंगी शिकून नर्स झाली, वॉर्डात धावायला लागली. तिच्यानंतर कितीतरी पोरी आल्या, रडल्या, उडल्या, गेल्या. कुणी रस्त्यात भेटली की लेकराला म्हणायची, “हे बघ, हे सर मला उन्हात पळवायचे,” आणि लेकरू सरांकडे रागानं बघायचं. सरांचे केस पांढरे झाले, माझे कोपर. आणि निवृत्तीच्या वर्षी, ज्या करंडकाची सरांनी भाषेच्या बाईंना हमी दिली होती, त्याच्या अंतिम सामन्यात आमचा संघ पोहोचला.

हॉल गच्च भरला होता. प्राचार्य पहिल्या रांगेत. आता हे नवे होते, पण घाई जुन्यांइतकीच. काकू मागच्या रांगेत थर्मास घेऊन. सामना सुरू व्हायच्या जरा आधी एका रेषापंचाचा पाय जिन्यावर मुरगळला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. होती ती बाजूच्या कोर्टवरचं काम संपवून आलेली चिंगी. ती स्वतःच मुख्य पंचांना म्हणाली, की मी यांची मुलगी आहे, मला इथं उभं करू नका. मुख्य पंचांनी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावलं. समोरच्या संघाचे प्रशिक्षक म्हणजे सरांचे जुने वैरी आणि जुने मित्र. पोटाचा घेर बघून मुली त्यांना पोटोबा म्हणायच्या.

पोटोबा मनापासून हसले. “ठेवा तिला. हिला यांनी संघात घेतलं नव्हतं. माझा झाला तर फायदाच होईल.”

सर म्हणाले, “माझी हरकत नाही.” बस, एवढंच.

सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. पाचवा सेट शेवटापर्यंत गेला. त्यांना एक पॉइंट हवा होता, आम्हाला जीव. आमच्या कॅप्टननं उंच उडी घेतली आणि होती नव्हती ती ताकद लावून चेंडू मारला. तो ब्लॉकला उठलेल्या हातांच्या बाजूनं सुसाट निघाला आणि थेट चिंगीच्या कोपऱ्यात आपटला. चिंगीचा झेंडा वर गेला.

बाहेर. शिट्टी वाजली. सामना संपला.

मग जो गलका उठला, तो मी कधी ऐकला नव्हता. पोटोबांच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, की पोरीनं बापावर सूड उगवला. हसणारेही निघाले. चिंगी झेंडा धरून तशीच ताठ उभी होती. आमची कॅप्टन धावत सरांकडे आली. नियमानं पंचांशी बोलायचा हक्क तिचा, पण विचारायला ती इथं आली. “सर, आत होता ना? मी बोलू पंचांशी?”

प्राचार्य रांगेतून उठून बाकापर्यंत आलेच. त्यांचं म्हणणं असं, की आत्ताच्या आत्ता हरकत घ्या, मुलीनं पक्षपात केला असं तुम्ही स्वतः म्हणालात तर कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची? निदान शेवटच्या वर्षी तरी कॉलेजचा विचार करा.

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलंच नाही. कॅप्टनच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाहेर होता,” ते म्हणाले. “जा बाळ, त्यांच्याशी हात मिळवून ये.”

ती रडत गेली. सरही गेले. पोटोबांनी त्यांना मिठी मारली तेव्हा मी दोघांच्या मध्ये पुरता चेंगरलो. माझ्या खांद्याची शिवण त्याच वेळी उसवली. प्राचार्य निरोपाच्या समारंभाबद्दल काहीतरी ठरवून आले होते, ते त्यांनी बोलूनच दाखवलं नाही.

परतताना गाडी चिंगी चालवत होती. सर तिच्या शेजारी, मी सरांच्या अंगावर, काकू मागे थर्मास मांडीवर घेऊन. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चिंगीनं समोर बघतच विचारलं, “बाबा, तुम्हाला खरंच बाहेर दिसला?”

“मला दिसलाच नाही,” सर म्हणाले.

“म्हणजे?”

“मी चेंडूकडे बघतच नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. चिंगीनं गाडी हलवली नाही.

मागून काकू म्हणाली, “मी बघत होते हो चेंडूकडे. पण मला विचारतंय कोण.”

कुणीही विचारलं नाही. मलाही वाटलं होतं, मी सरांच्या छातीवर होतो म्हणजे मी सामना बघितला. कसला बघितला!

आता सर घरी असतात. झाडांना पाणी घालतात, काकूच्या औषधांच्या दुकानात जाऊन नको असलेले सल्ले देतात. चिंगी आता मोठमोठ्या सामन्यांत उंच खुर्चीवर बसते, आणि तिचा सामना असला की सर मला चढवून प्रेक्षकांत जाऊन बसतात. म्हणजे बसायला जातात. खेळ जरा रंगला की सवयीनं उठून उभे राहतात आणि पंचांवर ओरडतात. मग चिंगी खुर्चीवरून नुसती एकदा बघते. सर बसतात. मीही बसतो.

मंडळी, आमचं वय झालं. कधी तुम्ही सामना बघायला आलात, आणि ऐन रंगात एक उंच म्हातारा मरून जॅकेट घालून तुमच्यासमोर उभा राहिला, तुम्हाला काही दिसेना, तर रागावू नका. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच खाली बसवा. फक्त उजवा खांदा धरा. डावीकडची शिवण अजून तशीच उसवलेली आहे. काकू टाके घालायला बसली, तर सर घालू देत नाहीत.